नील यंग: 'हार्वेस्ट'च्या पलीकडचं कुठल्या क्रमानं ऐकावं?

रानवारा

नील यंग या गायक-गिटारवादकाचे 'हार्वेस्ट' (१९७२) आणि 'हार्वेस्ट मून' (१९९२) हे दोन अल्बम तोंडपाठ आहेत. 'रस्ट नेव्हर स्लीप्स' (१९७९) सुद्धा बऱ्यापैकी ऐकलाय. मधला सगळा पट्टा मात्र तुटक तुटक ऐकलेला आहे आणि त्याचा काही मेळ लागत नाही. चाहत्यांच्या हल्लीच्या याद्यांमध्ये 'ऑन द बीच' आणि 'टुनाइट्स द नाइट' हमखास 'हार्वेस्ट'च्या वर असतात. 'ट्रान्स'ची एकेकाळी टर उडवली जायची, त्याचीही आता पाठराखण होते. हे मत बदलण्यामागे खरंच संगीतातलं काही आहे, की जुनं झालं म्हणून आपोआप मोठं वाटायला लागलंय?

माझे तीन प्रश्न आहेत.

सत्तरच्या दशकातले अल्बम कुठल्या क्रमानं ऐकावेत? ऐंशीच्या दशकातलं ठेवण्यासारखं काय आणि सोडून देण्यासारखं काय? आणि गिटारवर 'सिनॅमन गर्ल' नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये वाजवली की सूर बरोबर येतात पण ते वजन येत नाही, त्याचं कारण काय?

खर्ज

मत बदलण्यामागे ठोस कारण आहे. नील यंगचे अल्बम ज्या क्रमानं बाजारात आले त्या क्रमानं ते ध्वनिमुद्रित झालेच नाहीत. लोकांनी वर्षानुवर्षं उलटसुलट क्रमानं ऐकलं आणि त्यावरून मतं बनवली. आता त्याच्या जुन्या मुद्रणांच्या संग्रहाचे, म्हणजे अर्काइव्हचे, तिन्ही खंड (२००९, २०२० आणि २०२४) आलेत, त्यामुळे मुद्रणाच्या तारखेप्रमाणे ऐकता येतं. तसं ऐकलं की चित्र पार बदलतं.

सुरुवात 'हार्वेस्ट'च्याही आधीपासून करा. १९ जानेवारी १९७१ ला टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये त्यानं एकट्यानं केलेला कार्यक्रम २००७ मध्ये अल्बम म्हणून आला. त्यात 'अ मॅन नीड्स अ मेड' नुसत्या पियानोवर आहे आणि त्याच ओघात 'हार्ट ऑफ गोल्ड' येतं. 'हार्वेस्ट'वर 'अ मॅन नीड्स अ मेड'ला जॅक नित्शेनं लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची साथ दिली, आणि गाणं त्या भाराखाली वाकलं. मूळ चाल किती एकाकी, किती घाबरलेली आहे ते मॅसी हॉलमध्येच कळतं. डेव्हिड ब्रिग्ज हा त्याचा निर्माता तेव्हाच म्हणत होता की 'हार्वेस्ट'च्या ऐवजी हेच बाजारात आणा.

पुढचा क्रम असा लावा.

आधी 'टाइम फेड्स अवे'. १९७३ च्या सुरुवातीच्या दौऱ्यातलं थेट मुद्रण. 'हार्वेस्ट' हा अमेरिकेत १९७२ चा सर्वाधिक खपाचा अल्बम. प्रेक्षक 'हार्ट ऑफ गोल्ड' ऐकायला आलेले, आणि हा पठ्ठ्या त्यांना कधी न ऐकलेली, खडबडीत, विजेच्या गिटारीवरची गाणी ऐकवतोय. नोव्हेंबर १९७२ मध्ये त्याच्या साथीच्या 'क्रेझी हॉर्स' या बँडचा गिटारवादक डॅनी व्हिटन अमली पदार्थांपायी गेला होता. त्याच्या जाण्याची छाया अख्ख्या दौऱ्यावर आहे. हा अल्बम २०१७ पर्यंत सीडीवर आलाच नाही. म्हणजे सीडीच्या काळात नील यंग ऐकायला लागलेल्या पिढीसाठी या गोष्टीतलं एक अख्खं प्रकरणच गायब होतं.

मग 'टुनाइट्स द नाइट'. बाजारात आला १९७५ मध्ये, पण त्यातला बराचसा भाग ऑगस्ट-सप्टेंबर १९७३ मधला, आणि त्यातली पाच गाणी २६ ऑगस्टच्या एकाच रात्रीतली. व्हिटनपाठोपाठ ब्रूस बेरी हा त्यांच्या ताफ्यातला माणूसही त्याच व्यसनानं गेला होता. वाद्यं भाड्यानं देणाऱ्या एका जागेत सगळे एकत्र बसून वाजवताहेत. गाता गाता तो माइकपासून बाजूला होतो, आवाज आत-बाहेर होतो. 'मेलो माय माइंड'मध्ये एका सुरावर गळा सरळसरळ फाटतो आणि तो तसाच ठेवलाय. पूर्वी लोक याला गचाळ म्हणत. इथे बेसूर म्हणून सोडून देऊ नका. त्या सुरावर थांबा, पुन्हा ऐका. त्या शब्दावर सूर नीट लागला असता तर गाणं खोटं वाटलं असतं.

त्यानंतर 'ऑन द बीच' (१९७४). हा 'टुनाइट्स द नाइट'च्या नंतर मुद्रित झालेला पण आधी आलेला. प्रकाशनाच्या क्रमानं ऐकलं तर माणूस खोल खोल बुडतच चाललाय असं वाटतं. मुद्रणाच्या क्रमानं ऐकलं तर उलट दिसतं. शोक संपलाय, दम लागलाय, आणि तो आता आजूबाजूला बघू लागलाय. 'रेव्होल्युशन ब्लूज'मध्ये 'द बँड' या गटाचे लेव्हन हेल्म आणि रिक डँको ड्रम आणि बासवर आहेत, त्यांच्या तालावर कान ठेवा. आणि शेवटचं 'अँब्युलन्स ब्लूज' जवळजवळ ९ मिनिटांचं. ते त्याच्या लोकसंगीतातल्या मुळांशी सगळ्यात जवळचं आहे. त्याची चाल बर्ट यान्श या स्कॉटिश गिटारवादकाच्या 'नीडल ऑफ डेथ'वरून आलीय, हे यंगनं स्वतः मान्य केलंय. २०१४ च्या 'अ लेटर होम'मध्ये त्यानं ते मूळ गाणंच गायलं, तेही जॅक व्हाइटकडच्या १९४७ च्या नाणं टाकून तबकडी कोरणाऱ्या खोक्यात. ही दोन गाणी एकामागोमाग ऐका. चाळीस वर्षांचं देणं फेडलेलं ऐकू येतं.

मग 'होमग्रोन'. १९७४-७५ चा. पूर्ण तयार होता, पण बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी 'टुनाइट्स द नाइट' आणला. तो २०२० मध्ये आला. 'हार्वेस्ट'ची खरी पुढची कडी हीच. मग 'झूमा' (१९७५), आणि शेवटी 'हिचहायकर': ११ ऑगस्ट १९७६ ला मॅलिबूच्या इंडिगो रँच स्टुडिओत एकट्यानं मुद्रित केलेली गाणी, प्रकाशन २०१७. तुम्हाला 'रस्ट नेव्हर स्लीप्स' माहीत आहे म्हणून सांगतो: त्यातलं 'पोकाहाँटस' आणि 'हिचहायकर'वरचं 'पोकाहाँटस' हे मुळात एकच मुद्रण. 'रस्ट'वर त्यावर थर चढवलेत, एवढाच फरक. दोन्ही लागोपाठ लावलीत तर तो काय काय भरतो आणि काय मोकळं ठेवतो ते लगेच कळेल.

ऐकताना एक सोय करा. तुमच्या ॲपमध्ये आवाजाची पातळी सारखी करणारी आणि गाणी एकमेकांत मिसळणारी सेटिंग असेल तर ती बंद ठेवा. 'टुनाइट्स द नाइट'चा सगळा जीव हळू-मोठ्या आवाजात आणि गाण्यांमधल्या रिकाम्या जागेत आहे.

जवारी

खर्ज यांनी सत्तरचं दशक नेमकं मांडलंय. मी ऐंशीबद्दल लिहितो.

'ट्रान्स'ची (अमेरिकेत १९८३ च्या तोंडावर) थट्टा का झाली हे समजायचं तर त्याची बांधणी बघावी लागते. नऊ गाण्यांपैकी सहांमध्ये व्होकोडर आहे आणि तीन गाणी साधी, ती आधीच्या एका अर्धवट सोडलेल्या प्रकल्पातली. त्यामुळे अल्बमला धड एक चेहरा नाही. पहिलंच गाणं साधं, आणि दुसऱ्यापासून यंत्राचा आवाज. ऐकणारा तिथेच बिचकतो. यावर उपाय सोपा आहे. 'लिटल थिंग कॉल्ड लव्ह', 'होल्ड ऑन टू युअर लव्ह' आणि 'लाइक ॲन इन्का' ही तीन वेगळी काढा आणि उरलेली सहा सलग ऐका. एकदम एकसंध, विचारपूर्वक केलेलं काम हाती येतं.

व्होकोडरमध्ये होतं असं की सूर सिंथेसायझर देतो आणि गायकाच्या तोंडातून फक्त शब्दाचा आकार येतो. आवाजाचे पट्टे पाडून ते सिंथच्या सुरावर बसवले जातात. म्हणून उच्चार अर्धवट कळतात, आणि कळावेत यासाठी धडपडताहेत असं वाटतं. यंगचा मुलगा बेन याला सेरेब्रल पाल्सी, बोलता येत नाही. घरी त्याच्यावर दिवसाचे कित्येक तास व्यायामोपचार चालायचे. 'ट्रान्सफॉर्मर मॅन' त्याच्याबद्दल आहे. समोरच्याला सांगायचंय पण शब्द पोचत नाहीत, ही अवस्था त्यानं यंत्राकडून वदवून घेतली. तेव्हा हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आता आधी १९९३ च्या 'अनप्लग्ड'मधलं 'ट्रान्सफॉर्मर मॅन' ऐका, साध्या आवाजातलं, चाल मनात बसू द्या. मग 'ट्रान्स'वरचं लावा. माझ्या मते त्याच्या सगळ्यात हळव्या गाण्यांपैकी हे एक आहे, आणि ते ओळखायला लोकांना दहा वर्षं लागली याचं वाईट वाटतं. १९८६ मध्ये ब्रिज स्कूलच्या मदतीसाठीच्या मैफली सुरू झाल्या. बेनची आई पेगी यंग यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ती शाळाही अशाच, बोलण्यात आणि हालचालीत अडचण असलेल्या मुलांसाठी.

'ट्रान्स'नंतर गेफिन रेकॉर्ड्स या त्याच्या तेव्हाच्या कंपनीनं १९८३ मध्ये त्याच्यावर खटला भरला. तक्रार अशी की तो त्याच्या शैलीशी न जुळणारे, न खपणारे अल्बम देतोय. दावा ३३ लाख डॉलरचा. त्यानं उलटा दावा ठोकला आणि पुढे प्रकरण मिटलं. पण 'स्वतःसारखं वाजव' असा आदेश मिळालेला हा माणूस त्या पाच-सहा वर्षांत कधी पन्नासच्या दशकातलं रॉकॲन्डरोल, कधी कंट्री असं करत राहिला.

काय ठेवावं, तर 'लकी थर्टीन' (१९९३). गेफिन काळातल्या तेरा गाण्यांचा हा संग्रह मूळ अल्बमांपेक्षा सरस आहे, कारण 'सॅम्पल अँड होल्ड' लांब रूपात आहे, आणि 'एव्हरीबडीज रॉकिन' या रॉकॲन्डरोल अल्बमसाठी योजलेली पण त्यात न आलेली 'गेट गॉन' आणि 'डोन्ट टेक युअर लव्ह अवे फ्रॉम मी' थेट कार्यक्रमातली आहेत. मूळ 'एव्हरीबडीज रॉकिन' जेमतेम २५ मिनिटांचासुद्धा नाही. ही दोन जोडली की तो पहिल्यांदा पुरा वाटतो.

शब्दखूण

जवारी, 'ट्रान्स'बद्दल पूर्ण सहमत. पण 'लँडिंग ऑन वॉटर' (१९८६) सुद्धा हल्ली काही जण डोक्यावर घेतात, ते पटत नाही. ड्रमचा आवाज एवढा पुढे आणि एवढा कापलेला आहे की गिटारला श्वासच घेता येत नाही. 'हिप्पी ड्रीम' तेवढं टिकतं. सगळंच गैरसमजातून नाकारलं गेलं होतं असं म्हटलं तर फेरविचाराला काही अर्थ उरत नाही.

फेरविचार खालच्या दिशेनंही व्हायला हवा. 'अलाबामा' घ्या. दक्षिणेतल्या वर्णद्वेषावरचं गाणं, हेतू चांगला, पण अख्ख्या राज्याला वरून उपदेश. यंगनं २०१२ च्या आत्मचरित्रात स्वतःच लिहिलंय की त्यातले शब्द दोषारोप करणारे, तुच्छतेचे आणि पुरता विचार न केलेले आहेत. 'सदर्न मॅन'ला तोच आक्षेप लागू होतो का, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते कमी लागू होतो, कारण तिथे चाबूक आणि क्रॉस डोळ्यांपुढे दिसतात, नुसतं भाषण नाही.

'कॉर्टेझ द किलर'चंही तसंच. गिटारीच्या बाबतीत ते शिखर आहे, यात दुमत नाही. पण त्यातला मेक्सिकोच्या अझ्टेक सम्राटाचा, मॉक्टेझुमाचा, मुलूख युद्ध न जाणणारा दाखवलाय आणि ते इतिहासाला धरून नाही. अझ्टेक साम्राज्य लढायांवर आणि खंडणीवर उभं होतं. गाणं स्वप्न म्हणून ऐकावं, इतिहास म्हणून नाही. शेवटच्या कडव्यात ते अचानक प्रथमपुरुषी होतं आणि हरवलेल्या प्रेयसीकडे वळतं. तिथे कळतं की मेक्सिको हा निमित्त होता.

पायपेटी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. वजन येत नाही कारण 'सिनॅमन गर्ल' नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये नाहीच. ते डबल ड्रॉप डी आहे: सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत डी, ए, डी, जी, बी, डी. 'ओहायो'सुद्धा यातच. 'डोन्ट लेट इट ब्रिंग यू डाउन'मध्ये हेच ट्यूनिंग अख्खं एक पूर्ण स्वर खाली, म्हणजे सी, जी, सी, एफ, ए, सी. 'हार्वेस्ट मून'मध्ये मात्र फक्त सहावी तार डीवर, पहिली ईवरच.

लावायची रीत: चौथी मोकळी तार डी आहेच. सहावी सैल करत करत तिच्या खालच्या सप्तकाशी जुळवा, मग पहिली तिच्या वरच्या सप्तकाशी. दोन तारांचा ताण कमी झाला की मान जराशी सरळ होते आणि उरलेल्या चार तारा किंचित चढतात. म्हणून सगळं पुन्हा एकदा तपासा. बिग्जबी (सूर हलवायचा दांडा) किंवा तरंगता ब्रिज असेल तर हा फरक जास्त, दोन-तीनदा फिरून लावावं लागतं. अकूस्टिकवर १० चा बारीक संच असेल तर पहिली तार ढिली पडून खरखरते. १२ चा संच घाला.

फायदा असा की सहावी, पाचवी, चौथी या तीन तारा मोकळ्या वाजवल्या की तोच डीचा पॉवर कॉर्ड, म्हणजे नुसते डी आणि ए. एक बोट आडवं टाकून कुठल्याही पडद्यावर तोच आकार सरकवता येतो, आणि वर पहिली तार मोकळी डी म्हणून सतत वाजत राहते. तुम्हाला न सापडणारं वजन म्हणजे ही वरून आणि खालून धरून ठेवलेली डी. तंबोऱ्याचा षड्ज ज्या कामाचा, तेच काम ती करते.

सवयीनं दोन ठिकाणी हात चुकतो. जी कॉर्डचं सहाव्या तारेवरचं बोट तिसऱ्या पडद्यावर ठेवलं तर एफ वाजेल, ते पाचव्यावर न्या. आणि ई मायनरला सहावी मोकळी सोडली तर खाली डी येईल. ई हवी असेल तर दुसरा पडदा दाबा.

आवाजाबद्दल: त्याची 'ओल्ड ब्लॅक' ही १९५३ ची लेस पॉल गिटार, काळी रंगवलेली, ब्रिजला फायरबर्डचा छोटा हंबकर पिकअप, मानेकडे पी-९० पिकअप, शिवाय बिग्जबी. अँप १९५९ चा फेंडर ट्वीड डीलक्स. हा छोटा अँप पूर्ण पिळला की जोरात मारलेला स्वर आधी दबतो आणि मग फुलतो. बहुतेक जण इथे फझ पेडल लावतात आणि सगळं चिखल होतं, कारण फझ प्रत्येक फटका सारखाच सपाट करतो. पेडल काढा. छोट्या वॉटचा व्हॉल्व्ह अँप किंवा सॉफ्टवेअरमधला ट्वीड डीलक्स पूर्ण उघडा, बास कमी ठेवा आणि स्वच्छ आवाज हवा असेल तेव्हा गिटारचाच व्हॉल्यूम उतरवा. डीलक्सवर न वापरलेल्या चॅनेलचा व्हॉल्यूम फिरवला तरी दुसऱ्याचा आवाज बदलतो. तोही फिरवून बघा.

ऐकण्याच्या दृष्टीनं एक आणखी. 'एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर' (१९६९) हेडफोनवर ऐका. एका कानात यंग, दुसऱ्यात डॅनी व्हिटन. 'डाउन बाय द रिव्हर'मध्ये व्हिटनच्या बाजूचा हेडफोन काढून टाका आणि सोलो किती उघडा पडतो ते बघा. 'टुनाइट्स द नाइट'चा शोक कुणासाठी आहे ते या १९६९ च्या मुद्रणातच कळतं.

आणि ज्यांचे कान संगीत नाटकांच्या ऑर्गनवर तयार झालेत त्यांनी 'अनप्लग्ड'मधलं 'लाइक अ हरिकेन' चुकवू नये. मूळ गाणं म्हणजे विजेच्या गिटारीचं वादळ. इथे तो ते पायानं भाता मारायच्या ऑर्गनवर एकटा गातो. भात्याची हवा, पट्टी उचलल्यावर रेंगाळणारा सूर, सगळं ओळखीचं लागेल.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. 'ट्रान्स' सहा गाण्यांचा करून ऐकतोय, खरंच वेगळा लागतो. एक शंका राहिली. 'हार्ट ऑफ गोल्ड'ला जीची हार्मोनिका घेतलीय, पण ई मायनरवर फुंकलं तर जीचे सूर येतात. हे चालतं का? आणि सी कॉर्डवर काय करायचं?

पायपेटी

चालतं, आणि गाण्याचा रंग त्यातूनच येतो. जीच्या हार्मोनिकात फुंकलं की जी, बी, डी मिळतात. गिटारीवर ई मायनर असताना हे तीन सूर वर बसले की एकूण ई मायनर सेव्हन होतो. डी कॉर्डवर १ ते ४ छिद्रांतून हवा आत ओढा, ए, डी, एफ शार्प, ए मिळेल. सी कॉर्ड या हार्मोनिकात पूर्ण नाहीच, म्हणून तिथे ५ आणि ६ छिद्रांतून ओढा, सी आणि ई येतील, तेवढे पुरतात. जी आली की पुन्हा फुंका.

गळ्यातला स्टँड तोंडासमोर एवढा घट्ट बसवा की मान पुढे काढावी लागणार नाही. मान ताणली की श्वास अपुरा पडतो आणि ओढायचे सूर उतरतात, विशेषतः २ आणि ३ क्रमांकाच्या छिद्रांवर. हे सूर उतरलेले वाटले तर हार्मोनिका बदलण्याआधी ओठ सैल करून बघा.